दातांचे डॉक्टर आणि शनीचं कडं

माझी पहिली नोकरी मला काहीच न दिसल्यामुळे लागली.

इंदिरानगरातल्या दातांच्या एका डॉक्टरांना दवाखान्यात फोन घ्यायला, पेशंटची नावं लिहून घ्यायला मुलगी हवी होती. आम्ही चार-पाचजणी बाकावर बसलो होतो. डॉक्टर एकेकीला आत बोलवायचे, मागच्या जिन्याने गच्चीवर न्यायचे आणि तिथं ठेवलेल्या एका भल्यामोठ्या नळकांड्याला डोळा लावायला सांगायचे. "पांडवलेणीच्या डोंगरावर लावलीय दुर्बीण. काय दिसतंय ते सांग." माझ्या आधीच्या मुली हसतमुखाने खाली आल्या. लेणी छान दिसली, पायऱ्यासुद्धा दिसल्या, असं म्हणत होत्या. माझी पाळी आली. मी डोळा लावला तर आत काळं कुट्ट. डोळा बदलून पाहिला, तरी काळंच. माझा चेहरा पडला. नोकरीची गरज तर होती, पण जे दिसत नाही त्याचं वर्णन तरी काय करणार? म्हटलं, "सर, मला काहीच दिसत नाहीये. सगळं काळं आहे."

डॉक्टरांनी टाळी वाजवली. खरोखर, दोन्ही हातांनी! आयपीस, म्हणजे आपण जिला डोळा लावतो ती छोटी नळी, त्यांनी उपसून काढली आणि तिच्यातून काळ्या कागदाची एक चकती बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली. दातांच्या एक्स-रेच्या पाकिटात असतो तो कागद. "सोमवारपासून ये," ते म्हणाले. "मला दिसत नाही ते दिसत नाही म्हणणारं माणूस पाहिजे."

बुटके, गोल, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. एका खिशात तोंडाला बांधायचे मास्क आणि दुसऱ्या खिशात लाल जिलेटीनचा कागद गुंडाळलेली विजेरी. माणूस विक्षिप्त आहे असं मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. लग्न होऊन सासरी देवळ्याला येईपर्यंत मी त्यांच्याकडेच होते आणि माझं मत शेवटपर्यंत बदललं नाही. विक्षिप्तच होते. पण असा विक्षिप्त माणूस जवळ असला की साधा मंगळवारसुद्धा सणासारखा जातो, हे मला तिथं कळलं.

डॉक्टरांचं आयुष्यभराचं भांडण एका शब्दाशी होतं. 'दिसला' ह्या शब्दाशी.

अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी संध्याकाळी ते लोकांना आकाश दाखवायचे. फुकट. दुर्बीण त्यांनी स्वतः बनवलेली, ती गाडीच्या मागच्या सीटवर आडवी झोपवून न्यायची, मैदानात उभी करायची आणि रांग लावायची. आता अशा साध्या दुर्बिणीचं असं असतं, की पृथ्वी फिरत राहते आणि नळी हाताने हळूहळू ढकलली नाही तर ग्रह बघता बघता कडेला सरकून निघून जातो. रांगेतला माणूस चष्मा काढून, पदर सावरून, डोळा लावेपर्यंत आत नुसता अंधार. पण मागे माणसं खोळंबलेली, शेजारी डॉक्टर एवढ्या हौसेने वाकून उभे. माणसाला भीड पडते. तो म्हणतो, "दिसला, दिसला! मस्त!" आणि बाजूला होतो.

डॉक्टर त्याचा दंड धरायचे. "काय दिसलं? रंग कुठला? कडं आडवं होतं की तिरकं?" माणूस बिचारा घाम पुसत "तिरकं... म्हणजे आडवंच" म्हणायचा. की लगेच डॉक्टर त्याला परत दुर्बिणीपाशी. "वाढप्याला पोट भरलं म्हणतात तसं दिसला म्हणू नका हो! अजून वाढायचंय मला!" आणि मग खरोखर दिसलं की त्या माणसाच्या तोंडून जो आवाज निघायचा ना, 'हॉ' असा, पोटातून आलेला, तो ऐकून डॉक्टर खूश. तो आवाज खोटा काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'नाही दिसलं' ह्याच्याइतकं स्वच्छ वाक्य मराठीत नाही, हे त्यांचं दुसरं म्हणणं. दवाखान्यात एखादा पेशंट दाढ सुजलेली असताना "तसं फार दुखत नाही" म्हणाला, तरी हेच वाक्य त्याला ऐकावं लागायचं.

पेशंटची तर सुटकाच नव्हती. खुर्चीवर आडवं झाल्यावर नजर जिथं जाते तिथं, थेट डोक्यावरच्या छतावर, डॉक्टरांनी स्वतः रंगवलेलं आकाश होतं. हातात कोरणं, पेशंटचं तोंड उघडं, आणि ह्यांचं सुरू. "ते तीन तारे एका ओळीत दिसतात? तो मृगाच्या पोटातला बाण. त्या ओळीत खाली या. खाली. तो ठळक कोण? व्याध!" पेशंट म्हणायचा, "आँ." "बरोबर!" डॉक्टर म्हणायचे. एका मावशींचं दाताचं काम केव्हाच संपलं होतं तरी त्या दर दोन महिन्यांनी "जरा बघून द्या" म्हणत यायच्या. मला संशय आहे की त्यांना सप्तर्षी पुरे करायचे होते.

आणि तो आरसा! दुर्बिणीचा आरसा घरी घासून करता येतो हे मला ठाऊकच नव्हतं. जुनी दुर्बीण लहान पडायला लागली म्हणून डॉक्टरांनी मोठा आरसा करायला घेतला. जाड काचेची एक थाळी आणि तिच्यावर घासायला दुसरी थाळी, ती दातांचे साचे ज्या प्लास्टरमध्ये काढतात त्या प्लास्टरची. प्लास्टर मीच कालवून दिलं. मध्ये पाणी आणि घासायची पूड टाकायची आणि घासत राहायचं. गोल गोल फिरत, महिनोन्‌महिने. पेशंट नसला की डॉक्टर आतल्या खोलीत जाऊन घासायला लागायचे. खर्रर्र, खर्रर्र. बाहेर बाकावर गालाला रुमाल बांधून बसलेली माणसं एकमेकांकडे बघायची. एकदा एक धडधाकट गृहस्थ उठून माझ्याकडे आले आणि हळूच विचारलं, "आत कोणाचं चाललंय?"

"कोणाचं नाही, सर शनीसाठी घासतायत," मी म्हटलं.

गृहस्थ चप्पल घालून जे गेले ते परत आले नाहीत.

शनी डॉक्टरांचा लाडका. लोकांचा मात्र नावडता. शनी दाखवणार म्हटल्यावर रांगेत हमखास कोणीतरी विचारायचं, "साडेसाती चालू आहे, बघितलं तर चालेल ना?" डॉक्टर म्हणायचे, "साडेसातीतच बघा. एवढे दिवस मुक्कामाला आहे, तोंडओळख तरी होऊ द्या." त्र्यंबकेश्वरला पूजा करून परतणारी एक गाडी एकदा आमची रांग बघून थांबली. प्रसाद असेल असं वाटलं त्यांना. त्यातल्या एका आजोबांनी चपला काढल्या, हात जोडले, डोळा लावला आणि लावलेलाच ठेवला. वर बघून म्हणाले, "अहो, हा तर गोड आहे!" डॉक्टरांनी आठवडाभर ते वाक्य पेशंटांना ऐकवलं.

पहिले कार्यक्रम शहरात व्हायचे, गंगापूर रोडकडच्या एका मैदानावर. ते मैदान आमच्या हातून गेलं त्याला कारण डॉक्टरांचा हाच स्वभाव. तिथल्या आयोजक मंडळाने एकदा उद्‌घाटनाला एका नगरसेवकांना बोलावलं होतं. हार झाले, नारळ झाला, फोटो झाले, भाषण झालं. डॉक्टरांनी आधीच लावून ठेवलेला शनी तेवढ्या वेळात कुठल्या कुठे गेला. साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "वा! काय ते तेज! काय ते सोन्यासारखं कडं! आज आयुष्याचं सार्थक झालं."

मी डॉक्टरांच्या मागे उभी होते. मी त्यांचा शर्ट ओढला. जोरात ओढला. पण ते माइकपाशी पोचले होते. "साहेब, शनी दहा मिनिटांपूर्वीच गेला. तुम्ही नक्की काय बघितलंत ते सांगा, मलाही उत्सुकता आहे."

मैदानभर हशा पिकला. पुढच्या महिन्यात मैदान मिळालं नाही, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. डॉक्टरांना काडीचं वाईट वाटलं नाही. त्र्यंबकच्या पुढे हरसूल रस्त्याला एका गावातल्या शाळेचं मैदान त्यांनी मिळवलं. तिथं आकाश असं काळं, की पहिल्या संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर मी दारच धरून उभी राहिले. एवढे तारे असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! डॉक्टर हसून म्हणाले, "साहेबांचे उपकार." नाशिकहून लोक गाड्या काढून यायला लागले आणि गावातली माणसंही जेवणं आटोपून, शाली पांघरून रांगेत उभी राहायला लागली. ह्या गावात डॉक्टरांना फारशी उलटतपासणी करावी लागायची नाही. "काय नाय दिसत, डाक्टर. नीट लावा की वो," असं तिथली माणसं तोंडावर सांगायची. अर्थात एक पोलीस पाटील सोडून. त्यांना सगळं दिसायचं, दुर्बिणीपर्यंत पोचायच्या आधीच.

आणि मोबाइल! अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर कोणी मोबाइलचा उजेड मारला की हा एवढा हसरा माणूस पिसाळायचा. "कोणाचा तो? बंद! आधी बंद!" लग्नघरात चोर सापडावा तसा गोंधळ. म्हणून तर विजेरीला लाल कागद, लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत.

ह्या सगळ्या तपासणीतून एकच व्यक्ती सुटलेली होती. काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी.

काकू शांत, हसऱ्या, बोलायला कमी. प्रत्येक कार्यक्रमाला येणार. बरोबर भडंगाचा मोठा डबा, चहाचा थर्मास, आणि कोणाला थंडी वाजलीच तर म्हणून जास्तीचे स्वेटर. डॉक्टरांचा एकच नियम होता. दुर्बीण लागली की पहिला नंबर हिचा, मग बाकीच्यांचा. रांगेत कोणीही असो. काकू पदर खोचून यायच्या, क्षणभर वाकायच्या, डॉक्टर शेजारून विचारायचे, "दिसला ना? कडं दिसलं ना? काय सुंदर आहे ना आज?" काकू म्हणायच्या, "हो हो, छान दिसला." आणि चहा ओतायला निघून जायच्या. डॉक्टरांचा चेहरा असा फुलायचा की बास. मग रांग सुरू.

ह्या नियमामागची गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल, देव जाणे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्यांनी कोणाची तरी दुर्बीण मागून आणली होती आणि गंगापूर धरणाच्या काठावर नव्या बायकोला शनी दाखवला होता. "मला धाकधूक, हिला कंटाळा आला तर? पण ही म्हणाली, दिसला! कडं पण दिसलं! तिथंच ठरवलं, आपली स्वतःची दुर्बीण करायची आणि सगळ्या नाशिकला शनी दाखवायचा. तिला तेव्हा दिसला नसता ना, तर मी आयुष्यभर मुकाट्याने दात काढत बसलो असतो." हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी ओला व्हायचा. मी थट्टा करायचे, पण मलाही ती गोष्ट फार आवडायची. आरसा, गाडी, रांग, भडंग, हे सगळं त्या एका 'दिसला'वर उभं आहे, असं ते मानायचे.

आता तिथल्या माझ्या शेवटच्या हिवाळ्याचं सांगते.

त्या वर्षाच्या उन्हाळ्यापासूनच डॉक्टरांचं चित्त जागेवर नव्हतं. एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि हत्यारं ठेवायचा स्टीलचा ट्रे माझ्या डोळ्यांसमोर धरला. "बघ. ट्रे असा तिरका धरला की पूर्ण दिसतो. आता हळूहळू आडवा करतो. काय झालं?" ट्रे माझ्या डोळ्यांच्या अगदी रेषेत आला आणि त्याची नुसती धार राहिली. "शनीचं कडं!" ते कुजबुजले. "ह्या हिवाळ्यात ते आपल्याकडे असं धार करून असणार. नुसती रेघ! पंधराएक वर्षांनी येतं हे. मागच्या खेपेला शनी सूर्याच्या अंगाला होता, वर पावसाळा, माझं हुकलं. ह्या खेपेला नाही!"

मी म्हटलं, "मग फलक लावू या का, ह्या वर्षी कडं गायब म्हणून?"

"वेडी आहेस का! कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की लोक सांगितलेलंच बघतात. ह्या वर्षी जो कडं छान दिसलं म्हणेल तो पकडला जाईल, आणि जो रेघ दिसली म्हणेल त्याला माझ्याकडून पेढा. घरीसुद्धा बोलायचं नाही. हिलाही मजा येऊ दे."

त्यांनी खरंच पेढे आणले. कार्तिकातली थंडी, शाळेचं मैदान, दिवेलागण होऊन गेलेली, शनी दक्षिणेला छान वर आलेला. आकाश धुतल्यासारखं. डॉक्टरांनी दुर्बीण लावली, स्वतः बघितलं आणि माझ्याकडे वळून डोळे मोठे केले. मीही बघितलं. बाई गं! पिवळसर गोळा आणि त्याच्या आरपार एक बारीक, ताठ रेघ. मला किंचाळावंसं वाटत होतं, पण तोंडाला कुलूप.

"चला, पहिला नंबर!" डॉक्टर ओरडले.

काकू आल्या. वाकल्या. आज डॉक्टरांनी शेजारून काही विचारलं नाही, पेढ्याचा बॉक्स पाठीमागे धरून ते नुसते वाट बघत होते. त्यामुळे काकूंनाच बोलावं लागलं. "छान दिसला हो," त्या म्हणाल्या. "कडं तर काय सुंदर! नेहमीसारखंच."

डॉक्टरांनी दुर्बिणीला डोळा लावला. शनी मधोमध होता. रेघ होती. ते सरळ झाले आणि हळू आवाजात, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "कसं होतं कडं?"

"कसं म्हणजे? असं... तिरपं, गोल. दवाखान्यातल्या चित्रात आहे तसं."

काकू चहाकडे गेल्या. डॉक्टरांनी पेढ्याचा बॉक्स माझ्या हातात दिला आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. एवढा गोल माणूस, पण त्या पायरीवर कसा अंग चोरून बसला होता. मागे रांग चुळबुळायला लागली होती. मी कशीबशी दुर्बीण ढकलत दोघा-तिघांना शनी दाखवला, मग गावातल्या एका जाणत्या माणसाला नळीपाशी उभं केलं आणि गाडीकडे धावले.

काकू कपात चहा ओतत होत्या. मी धापा टाकत विचारलं, "काकू, तुम्हाला खरंच दिसतो का हो शनी?"

त्यांनी थर्मास खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. "अगं, मला एक डोळा मिटता येत नाही."

"म्हणजे?"

"एक मिटायला गेलं की दोन्ही मिटतात. लहानपणापासून. हे बघ." आणि त्यांनी करून दाखवलं. खरंच, दोन्ही डोळे गच्च! "ते म्हणतात, एक डोळा मिट आणि बघ. मी मिटते. मग काय दिसणार?"

मला हसू येत होतं आणि रडूही. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगू? धरणावर पहिल्यांदा विचारलं त्यांनी, दिसला ना? नवीन लग्न. मी म्हटलं, हो. तर ते नाचले गं! तिथं काठावर, बुटांनी चिखल उडवत. माझ्या माहेरी असा आनंद कोणी करत नव्हतं. तो बघून मला इतकं बरं वाटलं, की मग नाही म्हणायचं राहूनच गेलं. नंतर आरसा आला, लोक यायला लागले. आता कुठल्या तोंडाने म्हणू?" मग एकदम घाबरून विचारलं, "का? त्यांना कळलं?"

मी तशीच पायरीकडे पळाले. दुसऱ्या कोणाचं गुपित असतं तर गप्प बसले असते, पण तो पायरीवर बसलेला माणूस मला बघवत नव्हता. एका दमात सगळं सांगितलं. डोळ्याचं, चिखलाचं, सगळं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "सगळ्या नाशिकला विचारलं मी! नगरसेवकाला विचारलं! हिला एकदाही विचारलं नाही, काय दिसलं म्हणून. मीच विचारायचं आणि मीच उत्तर द्यायचं!" आणि ताडकन उठून गाडीकडे निघाले. मला वाटलं, आता भांडण. तर ते काकूंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, डोळा मिटता येत नाही एवढंच ना? मग झाकता तर येतो!" खिशातून मास्क काढला आणि काकूंच्या डाव्या डोळ्यावर तिरका बांधायला घेतला. काकू लाजून "अहो, लोक बघतायत" म्हणत होत्या आणि ह्यांची एवढी सफाईदार बोटं दोरीत अडकत होती.

गाठ मारली आणि मध्येच थांबले. चेहरा उतरला. "आज नको. ह्या वर्षी कडं नाहीये गं. नुसती रेघ आहे. सगळी सुंदर वर्षं निघून गेली. तू एवढी थांबलीस, आणि आता ही रेघ दाखवू? पुढं उघडेल ते, सातएक वर्षांनी पूर्ण उघडेल. तेव्हा दाखवतो."

"आज बघायचंय मला," काकू म्हणाल्या. "जे असेल ते."

रांगेने वाट करून दिली. एक डोळा मास्कने झाकलेल्या काकू दुर्बिणीशी वाकल्या. पोलीस पाटलांसकट सगळे गप्प.

"काही दिसत नाहीये," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी नळी जराशी ढकलली. "आता?"

"नाही. काळं आहे."

मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. पण तो माणूस अंधारात हसत होता! बायकोने पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं. त्यांनी काकूंना बाजूला न करता नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीतून नेम धरला, नळी केसभर वर, केसभर डावीकडे. "आता?"

काकूंच्या तोंडून नुसता आवाज निघाला. पोटातून आलेला. पाठीमागे उभ्या एका म्हातारीने तिथल्या तिथं हात जोडले.

"काय दिसलं?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"पिवळा आहे. लोण्याच्या गोळ्यासारखा. कडं नाहीये हो. रेघ आहे, एकदम सरळ, दोन्हीकडून बाहेर आलेली. आणि... थांबा... रेघेच्या बाजूला लांब एक ठिपकापण आहे. बारका."

"टायटन!" डॉक्टर केवढ्याने ओरडले. "शनीचा चंद्र तो! अरे, हिला टायटन दिसला! न सांगता दिसला!" आणि नाचायला लागले. त्या मैदानावर, सगळ्यांसमोर, दोन्ही हात वर करून. गावातले लोक हसायला लागले, मी रडायला लागले, पेढे कोणी वाटले ते मला आजही आठवत नाही. कोणीतरी मोबाइलचा उजेड लावून त्यांचा व्हिडिओ काढत होतं आणि डॉक्टरांना त्याचं भान नव्हतं.

काकू मात्र दुर्बिणीपासून हलल्या नव्हत्या. नाचून दमल्यावर डॉक्टर परत त्यांच्या शेजारी आले आणि शनी सरकून जाऊ नये म्हणून नळी अगदी हलक्या हाताने पुढे पुढे नेत राहिले.

"अहो," काकू डोळा न काढता म्हणाल्या, "हा खरंच आहे की!"

"आहे तर! मग मी इतकी वर्षं..."

रांगेतून कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, अजून किती वेळ. ती हात जोडणारी म्हातारी मागे वळून म्हणाली, "बघू द्या तिला. आमी हाय हितंच."

डॉक्टरांना मात्र राहवेना. ते आणखी जवळ वाकले. "रेघेच्या वर सावलीचा पट्टा दिसतो का बघ, आणि त्या टायटनचं असं आहे ना, की तो..."

"गप्प बसा हो जरा," काकू म्हणाल्या. "मला बघू द्या."